हिरालाल कुठे गेला

सिंधुबाईला भांडायला पुस्तकच लागायचं. माणसांशी तिचं कधी फारसं वाजलं नाही. जावा, नणंदा, सालदार, दूधवाला, सगळ्यांशी ती लोण्यासारखी. पण कादंबरीतली एखादी बाई नवऱ्यापुढे मुकाट बसली की सिंधुबाई चुलीपुढून ओरडायची, "अय बावळी, उठ ना वं आते!" आणि तव्यावरची भाकरी करपायची. घराला त्याची सवय होती. ताटात काळी भाकरी पडली की तिचे मालक विचारायचे, "आज कोन मरनं पुस्तकमा?"

पुढे मालक गेले आणि त्यांच्यामागून डोळे गेले. काचबिंदू हा चोर फार शहाणा. कडेकडेनं घर रिकामं करत येतो आणि मधोमध उभा राहिला की मगच घरच्यांना जाग येते. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकवू." तीही टिकली नाही. साठी गाठायच्या आत सिंधुबाईपाशी फक्त उजेड आहे की नाही एवढंच कळण्यापुरते डोळे उरले.

लोकांना वाटलं, बाई खचेल. ती खचली नाही, कंटाळली. टीव्हीवरच्या मालिका ऐकून पाहिल्या, पण त्यातल्या बायका ऐन भांडणात गप्प होऊन एकमेकींकडे बघत बसतात आणि नुसतं संगीत वाजतं, त्यातून ऐकणाऱ्यानं काय समजायचं? मुलगा भाग्येश सकाळी शेतावर जायच्या आधी पेपर वाचून दाखवायचा. सून गायत्री दुपारी एखादी गोष्ट घेऊन बसायची, पण कुकरची शिट्टी झाली की गोष्टीतली माणसं जिथल्या तिथे उभी राहायची, ती दुसऱ्या दिवसापर्यंत.

अशी दोन वर्षं गेल्यावर ममता आली.

ममता गावाच्या वाचनालयाची नवी ग्रंथपाल. लहानपणी पोलिओ झालेला, काखेत कुबडी. रुजू झाल्या झाल्या तिनं पायऱ्यांच्या बाजूनं उतार बांधून मागितला. वाचनालयाचे अध्यक्ष प्रेमचंदशेठ म्हणाले, "पण बाई, चाकाच्या खुर्चीतून आपल्याकडे येतंच कोण?"

"पायऱ्या आहेत म्हणून येत नाहीत, शेठ. आणि येत नाहीत म्हणून पायऱ्या आहेत."

शेठ कापडाचे व्यापारी. ज्या बोलण्यावर तोड काढता येत नाही ते त्यांना लगेच ओळखू यायचं. उतार झाला. पहिल्या दिवशी त्यावरून एक शेळी चढली आणि वर्तमानपत्राची पुरवणी खाऊन गेली, त्यावर गावानं आठवडाभर हसून घेतलं. मग अर्धांगाचा झटका आलेले एक निवृत्त पोस्टमन मुलाला खुर्ची ढकलायला लावून आले, आणि हसणं थांबलं.

उतारानंतर ममतानं काढलं ते 'बोलकं कपाट'. ज्यांना छापलेलं वाचता येत नाही त्यांच्यासाठी कोणी तरी अख्खं पुस्तक मोठ्यानं वाचायचं, फोनवर त्याचं ध्वनिमुद्रण करायचं आणि काडेपेटीहून थोड्या मोठ्या एका डबीत भरून द्यायचं. दृष्टिहीनांसाठी असं करायला कायद्यानं आता मोकळीक आहे हे तिनं समितीला समजावलं. तरी रीत म्हणून पुण्याला प्रकाशकांकडे फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "नव्या पुस्तकांचं आम्ही आता स्वतःच करतो हो. जुन्यांना कोणी वाली नाही. तुम्ही करताय तर करा, आणि एक आम्हालाही पाठवा."

वाचायला मिळाली शेठचीच सून, रूपल. माहेर नवापूरचं, शिक्षण मराठी शाळेत, आवाज घासून पुसून ठेवलेल्या स्टीलच्या वाटीसारखा. ती शेठच्या दुकानावरच्या माडीत वाचायची, जिथे कापडाचे तागे रचलेले असत. ताग्यांच्या मध्ये बसलं की आवाज घुमत नाही, हे तिचं तिनंच शोधून काढलं होतं. तरी गावच्या घोडेबाजाराच्या यात्रेत वाचलेली प्रकरणं ओळखू यायची. त्यात नायक-नायिकेच्या मागे घोड्यांच्या घुंगरांचा आवाज असायचा.

डबी हातात आली त्या दिवशी सिंधुबाईनं जेवण विसरून ऐकलं. चालू-बंदच्या बटणावर ममतानं डिंकाचा थेंब वाळवून दिला होता, अंगठ्याला बरोबर लागायचा. सिंधुबाईनं आत्मचरित्र ऐकलं, दोन कथासंग्रह ऐकले, आणि मग हिवाळ्यात ती नावाड्यांची जाडजूड कादंबरी आली. नदीकाठचं एक घर, म्हातारा सुका आबा, त्याचा धाकटा मुलगा हिरालाल आणि हिरालालची बायको रेवती. हिरालाल तर सिंधुबाईला फारच आवडला. कामाला वाघ, बायकोला शब्दानं दुखवायचा नाही. पूर आला तेव्हा पलीकडे अडकलेल्या माणसांना काढायला हाच होडी घेऊन निघाला. आणि ती रेवती! सकाळी पाणी ओसरलं नाही तोच बोचकं बांधून माहेरी. सिंधुबाईचा पारा जो चढला तो चढलाच.

वाचनालयात महिन्यातून एका शनिवारी एका पुस्तकावर बोलायला माणसं जमत. सिंधुबाई पूर्वी या बैठकीतली तिखट मिरची होती. डोळे गेल्यापासून ती गेली नव्हती, कारण पुस्तक न वाचता तिथे बसणं म्हणजे न जेवता पंगतीत बसणं. या महिन्याला नावाड्यांचीच कादंबरी होती. तिनं नवी साडी नेसली, रंग कोणता ते गायत्रीकडून दोनदा वदवून घेतलं, आणि उतारावरून तिचा हात धरून वर गेली.

दोघे-तिघे बोलल्यावर तिला राहवेना.

"मला ती रेवती नाही पटली," सिंधुबाई म्हणाली. "हिरालालसारखा नवरा मिळायला पुण्य लागतं. तो जीव धोक्यात घालून रात्रभर पुरात माणसं काढतो, आणि ही सकाळी निघाली माहेरी. अहो, तो थकून आला असेल, त्याला गरम पाणी तरी ठेव! रुसायलाही काही वेळकाळ असते. आणि लेखकाचं सांगते, पुढे त्यानं हिरालालला वाऱ्यावर सोडलंय. नावसुद्धा नाही घेतलं. आणि रेवतीला कोणी एका शब्दानं जाब विचारत नाही."

 वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. सिंधुबाईला वाटलं, मुद्दा बसला.

मग आमशा सरांनी घसा खाकरला. सर धडगावकडच्या शाळांत आयुष्य काढून निवृत्त झालेले, बैठकीतले सिंधुबाईचे जुने वैरी. त्यांच्याशी तिचं प्रत्येक पुस्तकावर जुंपायचं. आज त्यांचा आवाज आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा आला.

"सिंधुताई, हिरालाल त्या रात्रीच बुडाला ना. परत आलाच नाही तो. रेवती विधवा होऊन माहेरी जाते."

"कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे, ताई."

"असू द्या हो," कोणी तरी बाई मायेनं म्हणाली. "ऐकण्यात निसटतं एखादं. आणि आता वयही झालं."

"हो, हो, असू द्या," आणखी कोणी म्हणालं, आणि लगेच पुराच्या वर्णनाची स्तुती सुरू झाली. आमशा सरांनी सिंधुबाईचा एकही मुद्दा खोडला नाही. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

घरी आल्या आल्या तिनं नवी साडी सोडून ठेवली. गायत्रीनं नवऱ्याच्या कानात काय ते सांगितलं असावं, कारण रात्रीच्या जेवणाला भाग्येशचा आवाज नको इतका मऊ होता.

"आई, धुळ्याले एक डॉक्टर शे. डोकाना. तू काही मनवर लेऊ नको, नुसतं दाखाडी येऊत."

"काय दाखाडाना शे?"

"आते दख, परवा तू गायत्रीले एकच गोष्ट दोनदा इचारी. आनि आज हाई असं..."

सिंधुबाईनं ताट सरकवलं. विचारली होती दोनदा, खरं होतं. या घरात हल्ली दोनदा विचारल्याशिवाय कळायचंच नाही काही. तिची मैत्रीण गजराबाई गेली ते तिला तेरावा उलटल्यावर कळलं, तेही दूधवाल्याच्या तोंडून. पपईवर रोग पडला ते ट्रॅक्टरभर झाडं उपटून नेली त्या आवाजावरून कळलं. भाग्येश पेपर वाचायचा त्यात भाव असायचे, हवामान असायचं, कुठल्या तरी मंत्र्याचं भाषण असायचं. मरणाचं काही नाही. त्या पेपराच्या हिशेबानं सिंधुबाईचे डोळे गेल्यापासून जगात कोणी मेलंच नव्हतं.

पण पुस्तकाचं वेगळं होतं. पुस्तकावर तिचा भरवसा होता. आणि आता तेच म्हणत होतं की चूक तुझ्याकडे आहे. डोळ्यांवाचून माणूस जगतं, ते ती शिकली होती. पण वाचलेलं डोक्यात थांबत नसेल, अख्खा माणूस बुडाला तरी आपल्याला पत्ता लागत नसेल, तर मग वाचणारी म्हणून कोण उरलं?

एका गोष्टीचा तिला वहीम होता. ती डबी आडवी होऊन ऐकायची. डोळ्यांनी वाचताना डुलकी लागली की पुस्तक बिचारं छातीवर पडून वाट बघतं. कानांनी वाचताना ते थांबत नाही, स्टँडवरून बस सुटावी तसं आपल्याला टाकून पुढे निघून जातं. हिरालाल बुडाला तेव्हा आपण झोपलो असू. तसं असेल तर बरंच, म्हणजे डोकं शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भिंतीला पाठ टेकून ताठ बसली, तोंडात बडीशेप टाकली आणि पुराचं प्रकरण लावलं. वारा आला, पाणी चढलं, पलीकडून हाका आल्या. रूपलचा आवाज चढत गेला. "हिरालालनं दोर सोडला आणि होडी पाण्यात ढकलली."

आणि रूपल थांबली.

सिंधुबाई चावायची थांबली. डबीत पंख्याची घरघर होती. बांगड्या वाजल्या. पान उलटल्याचा आवाज झाला. मग पुन्हा उलटलं. पुन्हा. आणि मागे, दूर, जिन्यापाशी कोणी असावं तसा एका म्हाताऱ्या बाईचा आवाज मारवाडीत म्हणाला, "ओ मत बांच, बेटा. आगे चाल."

"सकाळी पाणी ओसरलं होतं," रूपल स्वच्छ आवाजात म्हणाली. "रेवती माहेरी निघाली."

सिंधुबाईनं बटण चाचपून मागे नेलं, पुन्हा ऐकलं. मग इतक्या जोरात हसली की गायत्री अर्धवट झोपेतून धावत आली.

"काय व्हयनं, आई?"

"काही नही वं. मी शाबूत शे. हिरालाल मरी गया."

गायत्रीला त्यातलं काहीच कळलं नाही, आणि सासूच्या हसण्यानं तिला धुळ्याचा डॉक्टर आणखीच जवळचा वाटू लागला. पण तोवर हसू ओसरलं होतं. जिन्यावरचा आवाज सिंधुबाईनं ओळखला होता. तो भूरीबाईचा, प्रेमचंदशेठच्या बायकोचा. आयुष्यभर जिच्याकडून साड्या घेतल्या, जिच्यासोबत एका गल्लीत बोरं सुकवली, तिनं आपल्या पुस्तकातून माणूस काढून घेतला आणि वर आपल्यालाच वेडं ठरू दिलं. सिंधुबाईनं डबी दूर सारली. माणसांवर चिडायची तिला सवय नव्हती.

तिनं ममताला बोलावून घेतलं आणि तो तुकडा ऐकवला. ममतानं कुबडी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, मग तिनं तो तुकडा पुन्हा लावला.

"मी प्रत्येक प्रकरणाची सुरुवात आणि शेवट तेवढा तपासते, काकू," ती शेवटी म्हणाली. "मधे असं असेल असं डोक्यातच आलं नाही. चूक माझी. पण आता शेठना सांगावं तर ते सुनेला बोलतील. सासू म्हणेल, एवढी कटकट आहे तर नकोच ते वाचन. अशी वाचणारी मला दुसरी मिळायची नाही. तुमच्यासारखे आणखी पाच-सहा जण तिच्याच आवाजावर आहेत."

"मंग काय, अर्धंच पुस्तक ऐकू मी?"

"तसं नाही म्हणत मी."

"तूच त्या शेठले सांगं व्हतं ना, पायऱ्यास्नं?" सिंधुबाई म्हणाली. "दरवाजा उघडा ठेवाना आनि आतली एक खोली कुलूप लाईसन ठेवानी, याले काय म्हनतस?"

ममतानं कुबडी उचलली. "चला," ती म्हणाली.

दुकानात शेठ गिऱ्हाइकापुढे तागे उलगडत होते. "या, या, वर जा, रूपल आहे," म्हणाले. ताग्यांच्या माडीत कोऱ्या कापडाचा वास होता, खळीचा आणि थोडा डांबरगोळीचा. रूपलनं सिंधुबाईला हाताला धरून गादीवर बसवलं तेव्हा तिचं पोट सिंधुबाईच्या कोपराला लागलं.

"कितवा?"

"सातवा लागला, काकू."

सिंधुबाई घरून जे जे पाठ करून आली होती त्यातलं अर्धं तिथेच गळालं. उरलेलं अर्धं तिनं काढलं. "पोरी, हिरालाल कुठे गेला?"

रूपलनं जिन्याकडे कानोसा घेतला. मग कुजबुजली. "मम्मीजी म्हणतात, या दिवसांत मरणाचं तोंडातून काढायचं नाही. पोटातलं ऐकतं. मी म्हटलं, मग दुसऱ्या कोणाला देऊ. तर म्हणाल्या, वाच, पण तेवढं सोड. आणि सिंधुबाईला कशाला ऐकवतेस असलं, तिचा पण नवरा गेलाय, तिला बरंच वाटेल."

"आणि पुढं रेवती माहेरी गेल्यावरचं?"

"तिची सगळी पांढरी लुगडी मी रंगीत करून वाचली," रूपल म्हणाली, आणि तिला हसू आलं की रडू ते तिलाच कळेना. "आणि काकू, सोडायचं तरी कुठून कुठपर्यंत, ते बघायला मला मनात सगळं वाचावंच लागलं. दोनदा. मम्मीजींना सांगू नका."

जिना वाजला. भूरीबाई ताकाचे पेले घेऊन आली. तिनं तिघींच्या तोंडाकडे पाहिलं असावं, कारण पेले खाली ठेवताना ती म्हणाली, "रूपल, खाली जाय. बाबूजीले चहा कर." रूपलची पावलं उतरेपर्यंत ती थांबली. तिचं घर तीन पिढ्या या बाजारपेठेतलं. घरच्या घरात मारवाडी, दुकानात आणि चारचौघांत अहिराणी.

"समजी गयं ना तुले?" भूरीबाई म्हणाली.

"समजनं."

"रागे नको भरू, सिंधुबाई. सून मन्ही पोटुशी शे. तिना तोंडमा मरन देऊ का मी? तू भाग्येशना वखतले ऐकं व्हतं का?"

"नव्हतं ऐकं," सिंधुबाई म्हणाली. ते खरंच होतं. सासूनं तिला त्या महिन्यांत मयत झालेल्या कोणाच्या दारावरूनही जाऊ दिलं नव्हतं. "सूनले नको वाचाडू. मी तिना करता भांडाले नही वनू."

"मंग?"

"मन्हा करता वनू. भाभी, मन्हा करता तू कसाले गाळं?"

भूरीबाई काही वेळ पदराशी चाळा करत राहिली. तिच्या बांगड्यांवरून ते कळत होतं. "तुन्हा मालक गया तवय तू कमी रडनी का? मी तठेच व्हतू. परत ते समदं पुस्तकमाईन कसाले आनानं?"

"तो गया ते माले कोनी सांगानं सोडं का? सांगं ना? मी त्याना पायले हात लावा. रडनू. मंग उठनू." सिंधुबाईनं हात गुडघ्यांवर ठेवले. "डोळा गयात ना, भाभी, तवयपाईन समदास्नी माले पोर करी टाकं. पोरगा पेपरमाईन मरन गाळस. गजरा मरी गयी, माले तेरावानंतर समजनं. तिना तोंडमा पानी टाकाले मी नव्हतू. आते तू पुस्तकमाईन बी गाळी ऱ्हायनी. मी काय व्हस, भाभी? सातवा महिनानी पोटुशी व्हस का मी?"

ममताला हसू फुटलं, तिनं ते खोकल्यात घातलं. भूरीबाई हसली नाही.

"शनिवारे तठे समदास्ना म्होरे मी त्या रेवतीले काय काय बोलनू," सिंधुबाईचा आवाज खाली आला. "रांडाव व्हयेल बाईले. गरम पानी ठेव म्हने. आनि त्या माले म्हनतस, असू द्या, वय व्हयनं. पोरगा माले येडास्ना डॉक्टरकडे लई जाई ऱ्हायना."

"हाई माले काय माहीत?" भूरीबाई पुटपुटली. "मी तं चांगलं करी ऱ्हायनू व्हतू."

"माहीत शे. तुन्हं मन माले माहीत शे. पन माले समदं पायजे. त्या लिखनारानी लिखेल शे तितलं. वाईट बी."

खाली गिऱ्हाईक गेलं. शेठनं कापड घडी घातल्याचा चटचट आवाज वर आला. ममता म्हणाली, "भूरीबाई, असं करू. गाळलेली पानं दुसऱ्या कोणाकडून वाचून घेते. मी वाचते हवं तर."

"तू?" भूरीबाई म्हणाली. "तुन्हं लगीन व्हवानं शे आजून. नको."

"मग गायत्रीवहिनींना..."

"तिना लेकरं धाकला शेतस. कोनी सून या गावनी मरन वाचाले बसाडशी तू?" भूरीबाईनं ताकाचा पेला सिंधुबाईच्या हातात नेमका दिला. मग स्वतःशीच ठरवल्यासारखं बोलली. "मी वाचसू. माले काय व्हवानं शे आते? सातवीलोंग शिकेल शे मी, मराठी शाळामा. पन रूपल घरमा नको तवय. आनि चौदसले नही, मन्हा उपास ऱ्हास. आनि वाचीसन उठनू का मी नवकार मंतर म्हनसू, ते तुन्हा यंत्रमा नको घेऊ."

"नाही घेणार," ममता म्हणाली.

असं ठरलं. रूपलला सकाळीच शेजारच्या गच्चीवर पापड राखायला धाडलं. भूरीबाई आंघोळ करून, चष्मा पुसून ताग्यांच्या मध्ये बसली. सिंधुबाईला खरं तर ध्वनिमुद्रण तयार झाल्यावर मिळालं असतं, पण तिला थांबवेना. ती येऊन समोर बसली. ममतानं फोन एका ताग्यावर ठेवला आणि बोटानं खूण केली. ती खूण सिंधुबाईला दिसली नाही, पण खोली एकदम सावध झाली ते कळलं.

भूरीबाईचा आवाज वाटीसारखा नव्हता. मापाला कात्री लावून कापड फाडावं तसा तो होता, सरळ आणि चर्र. ओळीखालून बोट सरकल्याचं ऐकू यायचं. जोडाक्षर आलं की ती थांबायची, त्याच्याकडे नीट बघून घ्यायची आणि मगच पुढे जायची. त्यामुळे हिरालाल फार सावकाश बुडाला.

होडी मधोमध गेली. दोन बायका आणि एक म्हातारा आत घेतला. परत फिरताना ओंडका आदळला. हिरालालनं बायकांना झाडाच्या फांदीला धरायला लावलं, म्हाताऱ्याला वर ढकललं. "त्यानं किनाऱ्याकडे पाहिलं. किनाऱ्यावर कंदील होता. तो रेवतीच्या हातात आहे हे त्याला ठाऊक होतं. मग कंदील वर गेला, की तो खाली गेला, हे..."

भूरीबाई थांबली. तिनं नाक ओढलं, चष्मा काढून पुन्हा घातला. आणि ओळीला बोट लावून तिथूनच पुढे वाचलं, "...हे त्याला कळलं नाही."

सिंधुबाई हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना अजून तेवढं काम येत होतं. मनातल्या मनात ती रेवतीपाशी गेली आणि म्हणाली, पोरी, मला माफ कर, मला सांगितलंच नव्हतं कोणी. रेवतीच्या हातात अजून तो कंदील होता. तिनं वळून पाहिलं नाही, आणि सिंधुबाईला ते बरोबरच वाटलं.

"बस करू?" ममतानं हळूच विचारलं. "आजच्यापुरतं?"

भूरीबाईनं बोट ओलं केलं. पान उलटलं. पुढच्या पानावर माणसं काठानं शोधायला निघाली होती, बांबू घेऊन, दोर घेऊन. सुका आबा वाळूवर बसून राहिला होता. भूरीबाईचं वाचन आता भरभर होऊ लागलं, जोडाक्षरं धक्के खात बाजूला सरली. एका वळणावर कोणाला तरी काही दिसलं, ते लाकूड निघालं. पुन्हा शोध सुरू. दुकानातली दुपारची गर्दी ओसरली, शेजारून भाजीला फोडणी दिल्याचा वास आला, तरी बोट सरकतच होतं.

"अगं, जेवाले येस ना?" जिन्याखालून शेठ ओरडले.

"थांबा ना जरा!" भूरीबाई तिथूनच ओरडली. "आजून गावना नही तो!"

"कोन गावना नही?" शेठ घाबरून जिन्यावर दोन पायऱ्या चढले.

ममतानं फोनकडे हात नेला. सिंधुबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"चालू ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "इतलं बोलनं तेवढं मांगून काढी टाक, ममता. ते पुस्तकमा नही शे." मग ती भूरीबाईच्या आवाजाच्या दिशेनं थोडी पुढे सरकली. "भाभी, वाच. त्याले कठे शोधी ऱ्हायनात आते?"

भूरीबाईनं बोटानं ओळ शोधली.